पटलेबाईंची पाठमोरी पोरं

पटलेबाईंशी बोलायचं तर त्यांच्याकडे पाठ करून बोलावं लागे. निदान रविवारी सकाळी, नागऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या नेमबाजीच्या मैदानावर तरी. बाकीचे दिवस त्या गोंदियाच्या बाजारात बी-बियाणं आणि खतं विकत. तिथे गिऱ्हाइकानं पाठ केलेली त्यांना मुळीच खपत नसे.

माझं पंखे-मिक्सरचं दुकान त्यांच्या दुकानाच्या समोर. रविवारी घरी बसलं की घरातली कामं अंगावर येतात, एवढ्या एका कारणासाठी मी नेमबाजीच्या क्लबात जायला लागलो. पहिल्या दिवशी मी गोळ्या मारल्या. बाईंनी दुर्बिणीतून माझ्या लक्ष्याचा कागद पाहिला, दुर्बीण पुसली, पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "अशोक, तुह्या हाती बंदूक शोभत नाई गा. शिट्टी घे." तेव्हापासून मी मैदानावरचा दुसरा अधिकारी झालो. पहिल्या त्या. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, सुती साडीवर मुलाचं जुनं जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात शिट्टी. कॉलेजात असताना एनसीसीत शिकलेली नेमबाजी त्यांनी संसार आणि दुकान सांभाळून टिकवली होती. याचं कौतुक केलेलं त्यांना आवडत नसे. "लोकं पत्ते खेळतेत, मी हे खेळते," असं म्हणून त्या विषय बंद करत.

मैदान म्हणजे काय, तर समोर मातीचा उंच बांध, त्याला टेकून कागदाची लक्ष्यं, अलीकडे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये चुन्यानं मारलेली एक रेघ. रेघेवर नेमबाज उभे. त्यांच्या मागे बाईंची प्लास्टिकची खुर्ची. त्यामागे बाकावर आईबाप, चहावाला आणि ज्यांना रविवारी दुसरं काम नाही असे लोक. बंदुका जुन्या, काडतुसं जशी मिळतील तशी. त्यामुळे कधी ना कधी कोणाची तरी बंदूक ऐन वेळी रुसायची. घोडा दाबावा आणि आवाज मात्र फक्त "टिक" असा यावा. आता आतलं काडतूस मेलंय की उशिरा पेटणार आहे, हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही.

बाईंचं याबाबतचं मत ठाम होतं. "मेलेली गोळी कोणी पायली नाई. झोपलेल्या लय पायल्या. झोपली आहे म्हण आन् गप उभी राह्य." नियम त्यांनी अगदी सोपा केला होता. नळी बांधाकडे. बोट घोड्यावरून बाहेर. मोकळा हात वर. तोंडानं एकच शब्द, "थांबली." अधिकारी शेजारी येऊन उभा राहीपर्यंत बंदुकीच्या कशालाही हात लावायचा नाही, आणि तो आला तरी लगेच बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायची खिटी, उघडायचा नाही. थोडा वेळ जाऊ द्यायचा.

हा थोडा वेळ किती, यावर आधी पुष्कळ गोंधळ होई. आकडे मोजायला सांगितले की पोरं शाळा सुटल्यासारखी मोजत. म्हणून बाईंनी मैदानावर बल्लारशा लाइनीची पॅसेंजर आणली. मनातल्या मनात गोंदियाहून निघायचं. हिरडामाली, सौंदड, अर्जुनी, वडसा. प्रत्येक स्टेशनावर माणसं उतरणार, बोचकी चढणार, मग गाडी हलणार. वडसा आलं की बोल्ट उघडायचा. सौंदड हे बाईंचं माहेर, त्यामुळे त्यांची स्वतःची गाडी तिथे जरा जास्तच थांबते, असा आमचा संशय होता. एखाद्यानं घाई केली की त्या म्हणत, "धानाचे पऱ्हे टाकले तं दुसऱ्या दिवशी उकरून पायतेस का? नाई ना? मंग याले कायले उकरतेस?"

पण आमच्या मैदानाची खरी अडचण घाई ही नव्हती. अडचण होती ती चांगल्या वळणाची. आमच्याकडे येणारी बरीचशी पोरं खेड्यांतली. मोठ्या माणसाशी बोलताना त्याच्याकडे तोंड करून उभं राहावं, पाठ दाखवू नये, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. बंदूक अडली की पोरगं आधी काय करी, तर अदबीनं मागे वळे आणि म्हणे, "बाई, चालत नाई जी." आणि त्याच्याबरोबर भरलेली बंदूकही तितक्याच अदबीनं आमच्याकडे वळे. उद्धट पोरं परवडली, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

"काऊन फिरला बे?" बाई ओरडत. "मले तोंड कायले दाखवतेस? तुहं तोंड मले ठाऊक आहे. तिकडं पाहून बोल, मी बहिरी नाई." मग त्यांनी शिकवणीच सुरू केली. रिकामी बंदूक पोरांच्या हातात देऊन त्या मागे उभ्या राहत आणि गोड आवाजात हाका मारत. "बाळा, चहा घेतोस का? अरे, तुही माय आली पाय." जो वळला तो त्या दिवसापुरता बाकावर. चहा मात्र त्याला खरोखर मिळे. एकदा देवरीकडच्या एका गृहस्थांनी हे पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. एवढ्या मोठ्या बाईशी आपला मुलगा पाठ करून बोलतो, हे कसले संस्कार, म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "दादा, घरी गेल्यावर पाया पडू द्या त्याले. येथी पाठच दाखवू द्या. त्याच्यातच तुमचा-माझा मान आहे."

गावातल्या बड्यांशीही त्यांची भाषा हीच, फक्त हिंदीत. क्लबाला शेड बांधून देणारे एक राइस मिलवाले सेठजी होते. एका स्पर्धेत त्यांची बंदूक अडली. हात वर करून बाईंची वाट पाहणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. त्यांनी खाडकन बोल्ट ओढला आणि काडतूस जमिनीवर पाडलं. बाईंनी ती गोळी वाया गेली असं जाहीर केलं. सेठजी म्हणाले, "मॅडम, बंदूक मेरी, कारतूस मेरा।" बाई म्हणाल्या, "और पीछे जो खड़े हैं, वो किसके हैं?" सेठजींनी नंतर बरेच महिने त्यांच्या दुकानातून खत नेलं नाही. बाईंनीही ते नेण्याचा आग्रह केला नाही.

माणूस एखाद्या गोष्टीबद्दल इतका कडक असला की त्यामागे काहीतरी दुःखद घडलं असणार, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. एकदा चहा पिताना मी विचारलं, "बाई, पूर्वी कधी काही झालं होतं का? कोणाला लागलं वगैरे?"

"काई नाई झालं," बाई म्हणाल्या. "कायले होऊ द्याचं?"

त्यांची भाची रोशनी सौंदडहून त्यांच्याकडे राहायला आली ती बारावीनंतर. भावाची मुलगी. भावाची धानाची शेती, पोरगी अंगानं काटक आणि बोलायला कमी. तिला पोलिसात जायचं होतं. राज्य पातळीवर खेळली आणि तिथे काही मिळवलं तर भरतीत खेळाडू म्हणून संधी मिळते, हे कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. जिल्ह्याच्या संघात जागा मोजक्या. रोशनीचा हात इतका स्थिर होता की बाईंनीसुद्धा तिला "बरं मारते" असं म्हटलं. बाईंच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकलेली नाही.

निवड स्पर्धेच्या दिवशी ती पुढे होती. उभ्यानं मारायच्या फेरीत शेवटच्या काही गोळ्या राहिल्या होत्या. घोडा दाबला आणि टिक झालं. हात वर जाण्याऐवजी ती वळली. अख्खी वळली, आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, अटकली जी."

नळीचं ते बारीकसं भोक माझ्या पोटासमोरून गेलं. मला भीती वाटली, साधी सरळ भीती. बाई खुर्चीतून उठल्या, त्यांनी कोपरानं नळी बांधाकडे ढकलली आणि तशाच तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. गाडी वडशाला पोचल्यावर त्यांनी बोल्ट उघडला. काडतूस बाहेर आलं, त्याच्या काठावर ठोक्याची खूण स्पष्ट होती. ते त्यांनी मातीच्या डब्यात टाकलं आणि म्हणाल्या, "रोशनी, तू बाद."

मागून सेठजी म्हणाले, "जाने दो मॅडम, बच्ची है। और गोली चली भी तो नहीं।"

"चली होती तं तुमी बोलले असते का?" बाई म्हणाल्या. या वेळी त्या हिंदीत बोलायचं विसरल्या.

त्या वर्षीचा संघ रोशनीशिवाय गेला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही, हे मला नंतर पटलेभाऊंनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी सांगितलं. ते स्वतः फार बोलत नसत, पण घरातली बातमी माझ्या दुकानात आणून टाकत. रोशनी म्हणे रडत रडत एवढंच म्हणाली, "मोठ्या माणसाशी पाठ करून कशी बोलू, आत्या? बाबा रागावतीन." बाई ताट वाढत म्हणाल्या, "तुह्या बापाचं मी पायते. तू जेव."

आणि त्यांनी पाहिलं. पुढच्याच महिन्यात भाऊ नव्या तांदळाचं पोतं घेऊन बहिणीकडे आला, तर बाईंनी त्याला सरळ मैदानावर आणलं. रोशनीला रिकामी बंदूक देऊन रेघेवर उभं केलं आणि भावाला मागे उभं करून म्हणाल्या, "हाक मार तिले."

त्यानं हाक मारली. बंदूक हलली नाही, पण रोशनीची मान वळली. "मान फिरली," बाई म्हणाल्या. "मानेमागं खांदा जाते, खांद्यामागं नळी जाते. परत."

भाऊ चिडला. "ताई, बापानं हाक मारली तं पोरीनं पाहू बी नाई?"

"हातात बंदूक असन तं देवानं हाक मारली तरी नाई. बंदूक ठेवन, मंग पायन. मार हाक."

तो हाका मारत राहिला. आधी रागानं, मग हट्टानं, मग घरी मारतो तशी. घरची हाक आली तेव्हा रोशनीचा खांदा थरथरला, पण मान समोरच राहिली. बाई खूश झाल्या. मी भावाच्या तोंडाकडे पाहत होतो. इतका वेळ जे करायला लावलं ते अखेर जमलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला. मला त्याचं वाईट वाटलं. त्यानं चहाही घेतला नाही आणि दुपारच्या गाडीनं सौंदडला निघून गेला.

पुढच्या वर्षीची निवड स्पर्धा धानाची मळणी उरकल्यावर झाली. सकाळी धुकं होतं, म्हणून उशिरा सुरुवात केली. बाई दोन दिवसांपासून डोकं दुखतंय म्हणत होत्या. पटलेभाऊंनी घरी राहा म्हटलं, तर म्हणाल्या, "डोकं घरी बी दुखनच." खुर्चीत नेहमीसारख्या बसल्या. रोशनी पुन्हा पुढे होती. या वेळी तिचा बाप मागे बाकावर होता. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून आला होता.

उभ्यानं मारायची फेरी जवळजवळ संपत आली होती. बाकीच्यांनी आपापल्या गोळ्या मारून बंदुका उघडून खाली ठेवल्या होत्या. रोशनीची एक गोळी राहिली होती. तिनं घोडा दाबला. टिक.

हात वर गेला. "थांबली," ती बांधाकडे पाहून म्हणाली.

बाई खुर्चीतून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि पडल्या. शिट्टी फरशीवर वाजली, बाकावरच्या बायका किंचाळल्या. रोशनीचा बाप "ताई" म्हणून ओरडला. बंदुका खाली ठेवलेले सगळे नेमबाज वळले. मीही वळलो आणि बाईंकडे धावलो. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बोलायला जात होत्या, शब्द होत नव्हते. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि रेघेकडे दाखवलं. तिकडे जा, असं ते दाखवणं होतं. याबद्दल मला तेव्हाही शंका आली नाही आणि आजही नाही.

मी बाईंना त्यांच्या भावाच्या स्वाधीन केलं आणि रेघेकडे गेलो.

रोशनी तशीच उभी होती. नळी बांधाकडे, बोट बाहेर, हात वर. मी शेजारी उभा राहिल्यावर ती समोर बघत म्हणाली, "काका, आत्या पडली का?"

"हो," मी म्हणालो.

"आत काडतूस आहे, काका."

"माहीत आहे. थांबू या."

आम्ही थांबलो. मागे कोणी पाणी आणा म्हणत होतं, कोणी गाडी काढा म्हणत होतं. रोशनीच्या बापानं तिला दोनदा हाक मारली, ती घरचीच हाक होती. ती हलली नाही. तिचे ओठ हलत होते. ती कोणत्या स्टेशनावर आहे, हे मी विचारलं नाही. मी स्वतः सौंदडला होतो आणि माझी गाडी काही केल्या हलत नव्हती. सोडून द्यावं, बंदूक खाली ठेवावी, पळावं, असं मला वाटत होतं, हे कबूल करायला हरकत नाही. पण ती पोर उभी होती, म्हणून मीही उभा राहिलो.

"वडसा," ती म्हणाली.

मी बोल्ट उघडला, काडतूस काढलं, बंदूक तिच्या हातातून घेतली. मग ती वळली. तोपर्यंत लोकांनी बाईंना उचलून सेठजींच्या गाडीत घातलं होतं आणि गाडी फाटकातून बाहेर पडत होती. बाईंना पडताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. एकट्या रोशनीनं पाहिलं नाही.

राहिलेली ती गोळी तिला नियमानं पुन्हा मारता आली असती. मी तसं सांगितलंही. तिनं मान हलवली आणि बापाच्या मागे मोटरसायकलवर बसून दवाखान्यात गेली. ती गोळी न मारल्यामुळे ती संघात बसली नाही. संघ निवडणाऱ्यांनी नियम पाळला. बाई तिथे असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं, म्हणून मी भांडलो नाही.

गोंदियाहून बाईंना नागपूरला हलवलं. अतिदक्षता विभागात घरच्यांपैकी एकालाच सोडत. बापानं रोशनीला आत जाऊ दिलं नाही, आत्याला अशी पाहू नको म्हणाला. मी गेलो त्या दिवशी पटलेभाऊ बाहेर येऊन मला म्हणाले, तुम्ही जाऊन या. बाईंनी मला ओळखलं. त्यांची जीभ जड झाली होती, तरी एक प्रश्न कळेल इतका स्पष्ट आला.

"फिरली का ते?"

"नाही, बाई."

"मान?"

"मान बी नाई," मी त्यांच्याच बोलीत म्हणालो. मला रडू आलं. त्यांनी डोळे मिटले. राग आला की त्या डोळे मिटत आणि समाधान झालं तरी मिटत, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. पण मी ते समाधान धरून चाललो आहे.

दोन दिवसांनी त्या गेल्या. मोक्षधामात मैदानावरची पोरं सगळी आली होती. घरच्या बायकाही आल्या होत्या, रोशनीही. मुलानं अग्नी दिला, मडकं फुटलं. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, चला आता, मागे वळून कोणी पाहायचं नाही. लोक फाटकाकडे निघाले. सगळ्यांच्या पाठी चितेकडे. रोशनी माझ्या थोडी पुढे, बापाच्या शेजारून चालत होती. थोडं अंतर गेल्यावर ती थांबली.

"पाहू नोको वो मांगं," बाप हळूच म्हणाला.

ती वळली. मान नाही, खांदा नाही, अख्खी वळली आणि आत्याकडे तोंड करून उभी राहिली. म्हाताऱ्या गृहस्थांनी काही बोलायला तोंड उघडलं. बापानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना पुढे नेलं. रोशनी पुष्कळ वेळ तशीच पाहत होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते.